येशूने परूश्यांना (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी गटाला) ‘चुना लावलेल्या कबरी’ का म्हटलं?

आपल्याकडे ‘चुना लावणं’ म्हणजे फसवणं, म्हणून घोटाळा होतो. येशूच्या समाजात चुना आधी इशाऱ्यासाठी होता. कबरीला शिवलं की माणूस धर्मनियमाने सात दिवस अशुद्ध, म्हणून यहुदी लोक चुन्याने कबरींवर खूण करत. मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात त्यासाठी यहुदी पंचांगातल्या अदार महिन्याची 15 तारीख दिली आहे.

बायबलमध्ये मत्तय 23:27 मध्ये येशू याच पांढऱ्या रंगाकडे बोट दाखवतो: बाहेरून सुंदर, आत हाडं. लूक 11:44 मध्ये मात्र नेमकं उलट! तिथे कबरी दिसतच नाहीत, लोक नकळत त्यांवरून चालतात. मला लूकची प्रतिमा जास्त बोचरी वाटते. पुढे येशूचा प्रेषित पौलही (प्रेषितांची कृत्ये 23:3) प्रमुख याजक हनन्याला ‘चुना लावलेली भिंत’ म्हणतो. परूशी सरसकट ढोंगी होते, असा अर्थ मात्र काढू नका. हा यहुदींचा आपापसातला वाद होता.