दारावरची बेल आणि गाऊनवरची ओढणी

"ताई, मिनेसोटात येऊन दीड वर्ष झालं. नवरा ऑफिसला, मुलगी प्रीस्कूलला, मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळालेल्या व्हिसावर, त्यामुळे नोकरी नाही. दिवसभर गाऊन, नाहीतर नवऱ्याचा जुना टीशर्ट. परवा व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, काय हा अवतार, आजारी आहेस का? मी चिडून फोन ठेवला. इथे आवरून बसायचं तरी कुणासाठी, कोण येतंय बघायला?"

अगं, आईवर चिडू नकोस, पण तुझा प्रश्न अगदी खरा आहे. "स्वतःसाठी आवरावं गं" एवढं सांगून मी मोकळी होणार नाहीये, कारण मी न्यूजर्सीत नवीन होते तेव्हा मलाही एकीने हेच ऐकवलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

मग एकदा भांडी घासताना डोक्यात आलं की पुण्यात आपण आवरून का बसायचो? शिस्त बिस्त काही नाही, बेल वाजायची म्हणून. सकाळी दूधवाला, मग घंटागाडी आली की डबा घेऊन पळा, मग मावशी, इस्त्रीवाला, गॅस सिलेंडर, पेपरचं बिल, मधेच वरच्या काकूंना विरजण हवं असायचं. दहा वेळा दार उघडायचं म्हणजे दहा वेळा गाऊनवर ओढणी घ्यायची (हा ड्रेस आपल्याकडच्या बायकांनीच शोधून काढलाय, त्यावर कुणी हक्क सांगू नये), आणि त्या ओढणीचाच कंटाळा येऊन दहा वाजेपर्यंत आपण अंघोळ करून नीट कपडे घालून मोकळ्या. इथे काय, डिलिव्हरीवाला खोका पायरीवर ठेवतो, त्याचा फोटो काढतो आणि तू दार उघडेपर्यंत गाडी कोपऱ्यावर पोचलेली असते. दिवस सुरू झाला हे सांगायला कुणी येतच नाही, मग रात्रीचा गाऊन दुपारी तोच, संध्याकाळी तोच, आणि परत झोपायची वेळ झाली तरी कपडे बदलायचा प्रश्नच नाही कारण आपण झोपायच्याच कपड्यात आहोत.

म्हणून माझा सल्ला एवढाच की बेलच्या ऐवजी घड्याळ धर. मुलीला सोडायला जायच्या आधी कपडे बदललेले हवेत, आल्यावर नाही. गाऊनवर लांब जॅकेट चढवायचं, झिप गळ्यापर्यंत ओढायची आणि गाडी काढायची, हे सगळ्याजणी करतात, मी पण केलंय. एका जानेवारीत बर्फावरून गाडी घसरून कडेच्या खड्ड्यात गेली आणि टो-ट्रक येईपर्यंत तासभर मी रस्त्यावर उभी, वर पार्का, खाली स्नोबूट आणि मधे वीतभर फुलाफुलांचा गाऊन. मदतीला थांबलेला माणूस बिचारा सभ्य होता, त्याने पूर्ण वेळ फक्त टायरकडे बघितलं.

कपड्यांनी डोक्यात फरक पडतो का यावर अभ्यास पण झालेत. २०१२ साली हायो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की या अमेरिकेतल्या दोघांनी लोकांना एकच पांढरा कोट दिला, काहींना सांगितलं हा डॉक्टरचा, काहींना सांगितलं हा चित्रकाराचा. डॉक्टरचा समजून घालणाऱ्यांनी दोन चित्रांतले फरक जास्त शोधले. पुढे २०१९ मधे त्यातलाच एक प्रयोग जास्त लोकांवर करून बघितला तर फरक काही दिसला नाही, त्यामुळे मी याची पोथी करणार नाही. मला आपलं स्वयंपाकघरातलं कळतं, साडी खोचली की कामाला हात जास्त चालतो. बस.

आता घालायचं काय. तुझ्याकडे पण एक बॅग असणारच, बेडखाली किंवा क्लोझेटच्या वरच्या फळीवर, डांबराच्या गोळ्या घातलेली, आत ठेवणीतले कपडे. लग्नातल्या साड्या, गुळेदगुड्डच्या खणाचा कुर्ता, मंगळागौरीला घेतलेलं काहीतरी, सगळं "चांगल्या वेळेला" म्हणून राखलेलं. चांगली वेळ वर्षातून दोनदा येते, गणपतीत आणि दिवाळीत, ती पण वीकेंड बघून. जरीची साडी नुसती घडी घालून ठेवली की घडीवरच विरते, दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून उलटी घालावी लागते हे आई सांगते ते खरंच आहे. साड्या असू देत, पण कुर्ते काढ. घरात हीटिंग असतंच, आत पातळ थर्मल, वर खणाचा कुर्ता, खाली जीन्स, पायात मोजे, झाला मंगळवारचा ड्रेस. फक्त ते कुर्ते ड्रायरमधे घालू नकोस, आपलं कॉटन त्यात असं आटतं की मुलीला बसेल. थंड पाण्यात वेगळे धुवायचे, पहिल्यांदा रंग जातोच, आणि शॉवरच्या दांडीवर वाळत घालायचे.

आणि पडीक कपडे टाक. आपल्याकडे बोहारीण यायची, चार जुन्या साड्या आणि दोन पँटी घेऊन स्टीलचं पातेलं द्यायची, घासाघीस करून वर एक चमचा, त्यामुळे जुनं आपोआप घराबाहेर जायचं. इथे बोहारीण नाही म्हणून नवऱ्याचा कंपनी पिकनिकचा टीशर्ट बाहेरून घरात, घरातून झोपायला, आणि झोपायचा म्हणता म्हणता तुझ्या अंगावर. डोनेशनची पेटी असते दुकानांच्या पार्किंगमधे, चांगले असतील ते तिथे दे, फाटके फरशी पुसायला. पाच-सहा जोड पुरतात रोजच्याला, रोज नवीन दिसायला आपण काही सिरीयलमधल्या सुना नाही.

इस्त्रीचं सांगते कारण हे सगळे चुकतात. भारतातून इस्त्री आणू नकोस. मी आणली, लग्नात आलेली, बॅगेत चांगलं किलोभर वजन गेलं तिचं. तिकडे वीज २३० व्होल्टची, इथे १२०ची, त्यामुळे ती इस्त्री इथे पाव ताकदीने तापते, म्हणजे कपड्यावरून कोमट वाटी फिरवल्यासारखं. इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलियावाल्यांना नुसता प्लग बदलला की चालते, त्यांनी खुशाल न्यावी. तू इथला छोटा स्टीमर घे, हँगरवरच फिरवायचा.

एक नाजूक विषय राहिला, फोडणीचा वास. माझा मुलगा दुसरीत होता, एक दिवस घरी येऊन म्हणाला की आई, मुलं मला म्हणतात तुझं जॅकेट वर्गाच्या हुकवर नको लावूस. त्या दिवशी मी खूप रडले, मग रागवले, मग जॅकेट नाकाला लावून बघितलं आणि खरं सांगते, हिंगासकट सगळं होतं त्यात. आपण त्या हवेतच असतो म्हणून आपल्याला येत नाही. लाज वाटायचं कारण नाही, फोडणी पण सोडायची नाही, फक्त जॅकेटं किचनजवळच्या हुकवरून हलवायची. लोकर आणि फ्लीस वास धरून ठेवतात. ती दार लागणाऱ्या क्लोझेटमधे ठेव, कांदा-लसूण परतताना बेडरूमची दारं लाव, एक्झॉस्ट फोडणीच्या आधी चालू कर नंतर नाही, आणि बाहेर जायचे कपडे स्वयंपाक उरकल्यावर चढव. थंडीत कोरड्या दिवशी जॅकेट तासभर बाहेर टांगलं तरी बराच वास जातो, मिनेसोटात तेवढी थंडी तुला फुकट आहेच.

एक मात्र सिरीयसली. कंटाळा वेगळा आणि अंघोळीलाच उठवत नाही, जेवण जात नाही, काहीच आवडत नाही, रडू येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते कुर्त्याने जाणारं नाही. फॅमिली डॉक्टरला सांग, ते एक नऊ प्रश्नांचा फॉर्म देतात, खरी उत्तरं भर. नवऱ्याला पण सांग, त्याला आपणहून कळेल अशी वाट बघू नकोस. आणि त्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनी भरते तो अर्ज) अप्रूव्ह झालं असेल तर २०१५ पासून एच-फोरवाल्यांना वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो, नसेल झालं तरी कॉलेजात शिकायला तुला बंदी नाहीये, हे दोन्ही या आठवड्यात विचारून घे.

उद्या मुलीला सोडून आलीस की आईला फोन कर, तिच्याकडे संध्याकाळ असेल. केस विंचरलेले, कानात काहीतरी, कारण तिची नजर पहिली कानाकडेच जाते, तो खणाचा कुर्ता. ती विचारणारच, कुठे निघालीस गं? सांग, कुठे नाही, घरीच आहे.