बडोद्याचं म्युझियम दोन तासांत बघून होईल का?

दोन तासांत काय बघावं आणि राजा रविवर्म्याची चित्रं तिथेच आहेत का, असं तुम्ही विचारलंय. रविवर्म्याची प्रसिद्ध चित्रं तिथे नाहीत. ती चित्रं लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंह म्युझियममध्ये आहेत. तुम्ही विचारताय ते बडोदा म्युझियम कमाटीबागेत आहे, ते वेगळं. ही गल्लत बडोद्यात जन्मलेलेसुद्धा करतात.

कमाटीबागेत गेलात तर देवमाशाचा सांगाडा आणि मम्मी शेवटी बघा. आधी अकोट्याच्या, म्हणजे बडोद्यातल्याच एका भागात सापडलेल्या ब्राँझमूर्ती विचारा. हे मी हट्टाने सांगतोय, कारण मी अकोट्यातच वाढलो.

माझा दादा पुण्यात स्थायिक झाल्यापासून एकच वाक्य ऐकवतो, "तुमच्या म्युझियममध्ये सगळं बाहेरचं. मम्मी इजिप्तची, चित्रं युरोपातली. बडोद्याचं काय आहे?" चित्रांचं खरं आहे. सयाजीराव महाराजांनी ती मागवली, चित्रशाळेची इमारत 1914 मध्ये उभी राहिली, पण महायुद्धामुळे चित्रं तिकडेच अडकली आणि चित्रशाळा उघडायला 1921 उजाडलं. पण देवमासासुद्धा बाहेरचा? तो 1944 मध्ये महीच्या मुखाशी आला होता. सत्तर फुटांहून लांब सांगाडा आहे.

गेल्या दिवाळीत दादा सहकुटुंब आला होता. पुतणी त्या सांगाड्याखालून पावलं मोजत चालली, मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. वहिनी मम्मीपाशी. मी दादाला ओढतच ब्राँझच्या दालनात नेलं आणि जीवंतस्वामीसमोर उभं केलं. महावीर आहेत, पण घर सोडण्याआधीचे, म्हणून अंगावर मुकुट आणि दागिने. सहाव्या शतकातलं काम. पीठावर लेख आहे आणि त्यात ही मूर्ती देणाऱ्या बाईचं नाव आहे, नागीश्वरी. श्राविका, म्हणजे संसारातली जैन बाई. ऋषभनाथांच्या मूर्तीत डोळ्यांना चांदी बसवलेली आहे. चवरी घेतलेल्या बाईची मूर्ती तर मी दर वेळी बघतो, तिच्या उभं राहण्यातला तो सैलपणा दगडात कधी दिसत नाही.

अशा 68 मूर्ती अकोट्यात जमिनीतून निघाल्या, 1951 च्या सुमारास. कलेच्या इतिहासाचे अभ्यासक उमाकांत शहांनी त्यांचा अभ्यास केला. अकोट्याचं जुनं नाव अंकोट्टक. उत्तरायणात आम्ही दोघं तुटलेल्या पतंगामागे धावायचो ती हीच जमीन.

दादाने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "पण हे जैनांचं रे. आपलं कुठे?"

मला राग आला, अजून आहे. नागीश्वरीने मूर्ती दिली तेव्हा इथे गायकवाडही नव्हते आणि मराठी बोलणारं कुणी नव्हतं. आपण अडीच-तीनशे वर्षांपूर्वी आलो आणि बडोदं आपलं म्हणतो. मग आपल्याच गल्लीखाली हजाराहून जास्त वर्षं असलेली वस्तू आपली नाही कशी?

तर तुमचं उत्तर: दोन तास पुरणार नाहीत. तेवढेच असतील तर तास-सव्वा तास ब्राँझला द्या, उरलेला मुघल लघुचित्रांना. युरोपची चित्रं पुढच्या खेपेला. मुलं बरोबर असतील तर मात्र देवमाशापासूनच सुरुवात करा, नाहीतर ती तुम्हाला काही बघू देणार नाहीत. एखादं दालन कामासाठी बंदही असतं, तिकीट काढतानाच विचारून घ्या.

दादा उत्तरायणाला येतोय. चवरीवाली त्याने नीट बघितलेली नाही.