कोरड्या डोळ्यांच्या थेंबांची पहिली चाचणी निरोगी डोळ्यांवर का?

डोळे कोरडे पडतात म्हणून तुम्ही नव्या थेंबांच्या चाचणीसाठी नाव द्यायला गेलात आणि 'सध्या निरोगी डोळे हवेत' असं सांगून तुम्हाला परत पाठवलं. हा कुठला न्याय, असं तुम्ही विचारताय.

अशा चाचण्यांमध्ये डोळे तपासायचं काम मी करते. पहिल्या टप्प्यात कोरडेपणा गेला की नाही हा मुख्य प्रश्नच नसतो. थेंब डोळ्याला सोसतो का, एवढं पाहायचं असतं. फ्लुरोसीन या चमकणाऱ्या रंगाची नारिंगी पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवायची आणि स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या उजेडात बुबुळ बघायचं. वरच्या थरातल्या पेशी जिथे दुखावल्यात तिथे टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके चमकतात. कोरड्या डोळ्यात ते बऱ्याचदा आधीपासूनच असतात. मग नवा ठिपका थेंबाचा की आजाराचा, ठरवणार कसं? दृष्टी, डोळ्याचा दाब, लाली, झोंबणं याही नोंदी होतात. दाट थेंबांनी थोडा वेळ धूसर दिसतं, त्यात विशेष काही नाही.

पूर्वी जळजळीची पारख सशांच्या डोळ्यात पदार्थ घालून व्हायची, 1944 सालच्या ड्रेझ पद्धतीने. ससा पापणी क्वचितच मिटतो, त्यामुळे त्याच्यावरून माणसाचा अंदाज नेहमी बरोबर येईलच असं नाही. आता ती बरीचशी पारख प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या थरावर होते.

माझं लक्ष मात्र डोळा ओला ठेवणाऱ्या वंगणापेक्षा बाटलीत जंतू वाढू न देणाऱ्या प्रिझर्व्हेटिव्हवर असतं. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, हायलुरोनेट ही वंगणं सहसा गुणी. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह जंतूंबरोबर बुबुळाच्या पेशींनाही झोडपतं, आणि दिवसातून अनेकदा थेंब घालणाऱ्याला ते जास्त भोवतं. पण ते नसलं की काळजी मिटली, असंही नाही! 2023 साली अमेरिकेत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या थेंबांच्या दूषित बाटल्यांशी जोडलेला स्यूडोमोनास या जंतूचा संसर्ग अनेक राज्यांत पसरला. काहींची दृष्टी गेली, चौघे दगावले. असला दोष स्वयंसेवकांच्या चाचणीत सापडत नाही, तो उत्पादनाच्या जागीच पकडावा लागतो.

पुढच्या टप्प्यात कोरडे डोळेच लागतील, तेव्हा नाव देऊन ठेवा. बोलावणं आलं तर संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: प्रिझर्व्हेटिव्ह कोणतं, सध्याचे थेंब किती दिवस बंद ठेवायचे, आणि रात्री डोळा दुखायला लागला तर फोन कोणाला करायचा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तेही आधीच सांगा.