वासाचं झाड आधी, भाजी हंगामाप्रमाणे

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: पुण्यात धायरीला नवं रो हाऊस, पुढे उत्तरेला 12 बाय 15 फुटांचं मातीचं अंगण, वर पश्चिमेला मोकळी गच्ची, पाणी बोअरचं. फाटकाशी रस्त्याचा दिवा, घरात दोन वर्षांची मुलगी आणि पूजेला रोज ताजी फुलं लागणाऱ्या सासूबाई. लावायच्या झाडांच्या यादीत मोगरा, अनंत, रातराणी, कण्हेर, शेवंती, टोमॅटो, पुदिना, शिवाय दिरांनी दिलेलं हापूसचं कलम. पाऊस तोंडावर आलाय, म्हणून रविवारी रोपवाटिकेत जाऊन सगळं एकदम आणायचंय.

रविवारी जा, पण सगळं आणू नका. रंग, वास आणि खाणं या तिन्हीत वासाचं झाड आधी ठरवावं, कारण ते वर्षानुवर्षं एका जागी राहतं. भाजी हंगामागणिक बदलते, आणि रंग जवळपास फुकट मिळतो. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनातून पेट्युनियाच्या कुंड्या उचलून आणतात, मार्चच्या उन्हात त्या गेल्या की म्हणतात, आमच्या हाताला यश नाही. हंगामी फुलं ती, जाणारच.

आता अंगण. उत्तरेचं अंगण म्हणजे सावलीच, असं तुम्ही गृहीत धरलंय. पुण्यात ते अर्धंच खरं आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकलेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत तुमच्या अंगणात आकाश मोकळं असेल तेव्हा चांगलं ऊन येणार. डिसेंबरात मात्र 20 फूट उंच घराची भर दुपारची सावली जवळपास 18 फूट लांब पडते, म्हणजे अंगण सगळं झाकलं. तेव्हा इथे अशी झाडं हवीत जी पावसाळ्यात वाढतात आणि थंडीत झोपतात.

अशी झाडं आपल्याकडे आहेतच: हळद, आलं आणि सोनटक्का. तिन्ही एकाच कुळातली, तिन्ही कंदाची, तिन्हींना ओल आणि अर्धवट सावली चालते. सोनटक्का तुमच्या यादीत नाही याचं मला आश्चर्य वाटलं. कमरेच्या वर जाणारं झाड, शेंड्याला हिरव्या पात्यांचं कणीस, आणि त्यातून संध्याकाळी एकेक पांढरं फूल उमलतं. पाकळ्या इतक्या पातळ की हातात धरल्या तर बोटांच्या उबेनं मऊ पडतात. दुसऱ्या दिवशी फूल मान टाकतं, पण तोवर त्याच कणसातलं पुढचं तयार असतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर घरी शिरताना वास येईल. भिंतीला लागून सोनटक्का, त्याच्या पुढे हळद, कडेला आलं. हळदीची पानं श्रावण-भाद्रपदात पातोळ्यांना लागतात, त्यांनाही वास आहेच. जानेवारीत पानं सुकली की हळद खणून घ्या. तेव्हा तसंही तिथे ऊन नसतं.

त्याच अंगणात विड्याच्या पानाचा वेल भिंतीवर चढवा. त्याला कडक ऊन नकोच असतं. अळू लावायचं तर मोरीचं पाणी जातं तिथे लावा. वडीला काळ्या देठाचं घ्या. फक्त ते मुलीच्या हाताला लागणार नाही असं मागे असू दे, कारण कच्चं पान चावलं तर तोंडाची आग आग होते. मोकळ्या राहिलेल्या जागेत तेरडा फेका, फेकाच म्हणतोय, पेरायचीसुद्धा गरज नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण गौरी-गणपतीच्या सुमारास अंगण भरून टाकतो आणि पुढच्या वर्षी स्वतःच उगवतो.

मुलीवरून आठवलं. कण्हेर आणू नका. पान, फूल, खोड, सगळंच विषारी आहे आणि विष थेट हृदयावर काम करतं. पूजेला सासूबाईंनी मागितली तरी नाही म्हणा. बिट्टीचंही तेच. रातराणीची पांढरी फळं विषारी असतात, शिवाय तिचा वास बंद खोलीत भरला की अनेकांचं डोकं धरतं. मुलगी मोठी झाली की गच्चीच्या टोकाला लावा, तोवर थांबा.

अनंताबद्दल बोअरच्या पाण्यामुळे माझा सल्ला नाहीच. कोकणातल्या जांभ्या, आंबट मातीत अनंत वेडा होऊन फुलतो. आपली देशावरची माती चुनखडीची आणि बोअरचं पाणी जड. त्यात झाडाला लोह घेता येत नाही. वर्षभरात नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसायला लागतं. लोक खत वाढवत नेतात, त्यानं काही होत नाही. गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात साठवून त्यालाच घालणार असाल तर आणा.

गच्ची पश्चिमेची, म्हणजे दुपारचं रखरखीत ऊन. मोगऱ्याला हेच हवं असतं. सहा तास ऊन नसेल तर मोगरा नुसती पानं देतो, आणि मग 'मोगरा फुलत नाही, काय खत घालू' असे प्रश्न येतात. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, सगळी गोम तिथे आहे. डिसेंबरअखेरीस पाणी कमी करत जा, जानेवारीत पानं सुकली-सुकली करेपर्यंत ताण द्या, मग फांद्या निम्म्या छाटा, वरची माती उकरून शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. मार्चपासून प्रत्येक नव्या फुटीच्या टोकाला कळ्यांचा झुपका येतो. तो फुलून गेला की त्याच्या खालची दोन-तीन पेरं कापा, पुन्हा फूट, पुन्हा कळ्या. टपोऱ्या पांढऱ्या झालेल्या कळ्या दिवस कलताना खुडा, वाटीत ठेवा, रात्री दिवाणखान्यात उमलतात. आत्ता हंगाम संपत आलाय, म्हणून रोप घेताना त्यावरची फुलं बघू नका, बुडाशी नवीन फूट आहे का ते बघा.

रोपं घ्यायला उरुळी कांचनच्या रोपवाटिकांत जा नाहीतर घराजवळ, पिशवीतली लाल चिकट माती सगळीकडे सारखीच. वाळली की ती विटेसारखी होते, पाणी कडेकडेनं निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. लावण्याआधी पिशवी पाण्यात बुडवून ठेवा आणि कडेची माती हळूच मोकळी करा. निम्मी गेली तरी चालेल.

शेवंती फाटकाशी लावू नका, गच्चीवर न्या. तिला फुलायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. दिव्याखाली ती नुसती उंच होत राहते आणि तुम्ही दिवाळीपर्यंत वाट बघता. बाजूचे फुटवे पावसाळ्याच्या सुरुवातीला वेगळे करून लावले की थंडीत फुलं.

सासूबाईंसाठी साधी पाच पाकळ्यांची लाल जास्वंद. बंगलोरी दुहेरी पाकळ्यांच्या फुलांपेक्षा ही काटक. पिठ्या ढेकूण येईलच. मुंग्यांची रांग दिसली की समजा आला. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवून काढा, उरला तर साबणाचं पातळ पाणी. दूर्वा उथळ ट्रेमध्ये, पूर्ण उन्हात. झेंडूचं रोप विकत आणू नका. दसऱ्याच्या तोरणातली फुलं वाळवून जपून ठेवलेली कुणाकडे तरी असतातच, ती चुरगाळून जूनमध्ये टाका. संकरित फुलांची पुढची पिढी थोडी वेगळी निघते, देवाला चालतं. सूत्रकृमींना, म्हणजे मुळं पोखरणाऱ्या मातीतल्या बारीक कृमींना, झेंडूची मुळं मानवत नाहीत, म्हणून वांगी-मिरचीच्या कुंड्यांतच एखादा लावा. गोकर्ण कठड्यावर सोडा. निळी फुलं चहाला चालतात, पण बी रेचक असतं, म्हणून शेंगा वाळायच्या आत तोडून टाका.

आणि हे नक्की पाळा: रोपवाटिकेतून आलेल्या झाडाची फुलं लगेच खायची नाहीत. त्यावर काय फवारलंय ते विकणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. जुनी फुलं-पानं छाटून टाका, घरी नवीन वाढ होऊ द्या, मग चहा नाहीतर गुलकंद.

कढीपत्ता आणि कागदी लिंबू हे दोघं माझे लाडके, कारण वास आणि खाणं दोन्ही देतात. लिंबाला 18 इंचांची कुंडी, राहुरी विद्यापीठाचं साई सरबती मिळालं तर बघा. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर बोट लावून बघा. डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढून घाण वास सोडेल. ते फुलपाखराचं सुरवंट. मोठं झाल्यावर हिरवं होतं आणि लहान रोप दोन दिवसांत बोडकं करतं. मी कढीपत्ता दोन कुंड्यांत लावतो, एक आमटीला, एक त्यांना. मुलीला दाखवायला याहून चांगलं काही नाही.

भाजी आत्ता मिरची, वांगी, चवळी, मायाळू. टोमॅटो पावसात करपा रोगानं जातो, सप्टेंबरात लावा. पुदिना विकत आणलेल्या जुडीतल्या जाड काड्यांपासून येतो, फक्त त्याला स्वतंत्र पसरट कुंडी द्या, नाहीतर शेजाऱ्याला जगू देत नाही.

मग रविवारी काय आणायचं? मोगरा, जास्वंद, लिंबू, कढीपत्ता, विड्याचा वेल, सोनटक्क्याचे कंद. बाकी पाऊस स्थिरावल्यावर. हापूसचं कलम गच्चीवरच्या कुंडीत ठेवून काही साधणार नाही, आणि पुण्यात हापूस धरतोही बेताचाच. दिरांकडे शेत असेल तर त्यांनाच परत द्या आणि बदल्यात केसर लावा म्हणावं.