सोलापूरच्या अभिनेत्री शशिकला यांना कोणकोणते पुरस्कार मिळाले?

मोठे म्हणावेत असे पहिले दोन पुरस्कार पाठोपाठच आले. ‘आरती’ (1962) आणि ‘गुमराह’ (1963), दोन्हींसाठी फिल्मफेअरची सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्री. काही याद्यांत 1963 आणि 1964 दिसेल. ती सोहळ्याची वर्षं, घोळ नको.

‘आरती’त समोर मीनाकुमारी होती आणि शशिकला खाष्ट जाऊबाई. ‘गुमराह’मधली ब्लॅकमेल करणारी बाई तर त्याहून जहरी. माझ्या मते खरी पावती हीच, पण तिचा तोटाही झाला: पुढे निर्मात्यांना त्यांच्यात खलनायिकाच दिसायची. त्यानंतर नामांकनं आली, फिल्मफेअरची बाहुली मात्र पुन्हा नाही.

2007 मध्ये पद्मश्री. म्हणजे ‘झीनत’च्या (1945) कव्वालीत झळकल्यानंतर बासष्ट वर्षांनी! उशीरच म्हणायचा.

टीव्हीवर ‘सोनपरी’ मालिकेतल्या फ्रूटी या मुलीची आजी. तिथे पुरस्कारापेक्षा ओळख मिळाली. आमच्या सोलापुरात आजही नव्वदच्या दशकात जन्मलेल्यांना शशिकला म्हटलं की फ्रूटीची आजीच आठवते, आणि आमच्या आईला ती जाऊबाई.