लॅपटॉप न लावता मिडी इंटरफेसने कीबोर्ड, सिंथ आणि ड्रम मशीन जोडता येतात का?

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं सामान आधी मांडतो. मिडी म्हणजे 'हा स्वर दाबला, हा सोडला' असे निरोप वाद्यांनी एकमेकांना पाठवायची ठरलेली भाषा. कीबोर्डला फक्त यूएसबीचं चौकोनी सॉकेट आहे. सिंथ मॉड्यूलला (पट्ट्या नसलेला, नुसता आवाज तयार करणारा सिंथेसायझर) पाच पिनांची गोल मिडी सॉकेट आहेत. ड्रम मशीनला हेडफोनसारखं बारीक, 3.5 मिलिमीटरचं मिडी इन आहे. तुम्ही एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला दोन गोल पिना असलेली इंटरफेस केबल आणलीत, आणि आता तिच्या यूएसबी टोकाला कन्व्हर्टर लावून ती थेट कीबोर्डात घालायचा तुमचा विचार आहे.

कन्व्हर्टर आणू नका. पिन बसेल, पण केबलवरचा दिवासुद्धा लागायचा नाही, आवाज तर दूरच. कॉम्प्युटरशिवाय जोडणी होते आणि उत्तम होते. माझ्या टेबलावर चार वाद्यं तशीच जोडलेली आहेत, लॅपटॉप दुसऱ्या खोलीत पडलेला असतो. फक्त तुम्ही आणलेली वस्तू त्या कामाची नाही.

कारण असं, की यूएसबीमध्ये दोन्ही टोकांचा मान सारखा नसतो. एक होस्ट असतो आणि बाकी सगळी डिव्हाइस. होस्ट म्हणजे शब्दशः यजमान. वीज तो देतो, 'तू कोण, काय काम करतोस' हे तो विचारतो, आणि नंतरही 'काही सांगायचंय का, काही सांगायचंय का' हे तोच सारखं विचारत राहतो. डिव्हाइस आपणहून तोंड उघडत नाही. तुमचा कीबोर्ड डिव्हाइस, आणलेली केबलही डिव्हाइस. दोन पाहुणे समोरासमोर बसलेत आणि 'या, बसा' कोण म्हणणार याची दोघंही वाट बघताहेत, अशी ती अवस्था आहे. कॉम्प्युटर होता तेव्हा यजमानपण तो गुपचूप निभावत होता, म्हणून ते कधी जाणवलं नाही.

मी हे शहाण्यासारखं सांगतोय, पण माझं पहिलं पाऊल तुमच्यापेक्षा बावळट होतं. 'केबलला फक्त करंट हवाय' असं समजून मी तिचं यूएसबी टोक मोबाइलच्या चार्जरला लावलं. लाल दिवा लागला! एक गोल पिन एका कीबोर्डच्या आऊटमध्ये, दुसरी मॉड्यूलच्या इनमध्ये. स्वर दाबला की केबलवरचा दुसरा छोटा दिवाही लुकलुकायचा, म्हणजे संदेश आत शिरत होता. बाहेर मात्र काहीच नाही. अर्धा दिवस मी मॉड्यूललाच दोष देत बसलो. चार्जर वीज देतो, प्रश्न विचारत नाही. संदेश केबलपर्यंत येऊन, विचारणारं कोणी नाही म्हणून तिथेच थांबत होता. आणि गंमत म्हणजे त्या दोन्ही वाद्यांना गोल सॉकेट होती. एक साधी मिडी केबल सरळ लावली असती तर इंटरफेसची गरजच नव्हती.

म्हणून सल्ला मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी वाद्याच्या मागे वाकून बघायला लावतो. गोल सॉकेट असतील तर निम्मं काम झालं. मिडी जन्मलं तेच कॉम्प्युटरशिवाय. जानेवारी 1983 मध्ये नॅम या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 असे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ केबलने जोडून दाखवले. एकावर वाजवलं की दुसरा वाजत होता. मध्ये काहीही नव्हतं. एकाच्या आऊटमधून दुसऱ्याच्या इनमध्ये, इतकाच नियम तेव्हाही होता आणि आजही तोच आहे. आऊट ते आऊट लावलं तर काही बिघडत नाही, नुसती शांतता मिळते.

या गोल केबलवर माझा जीव आहे, म्हणून थोडं विषयांतर करतो. पाच पिनांपैकी संदेशासाठी कामाच्या दोनच, चौथी आणि पाचवी. दुसरी पिन शील्डची, म्हणजे बाहेरची खरखर अडवणाऱ्या आवरणाची, आणि पहिली-तिसरी साध्या मिडीत रिकाम्या. पाठवणारं वाद्य सुमारे 5 मिलिअँपिअरचा करंट चालू-बंद करतं. घेणाऱ्या वाद्याच्या आत त्या करंटने एक इवलासा एलईडी लागतो-विझतो आणि शेजारचा प्रकाश ओळखणारा भाग ते 'बघून' पुढे कळवतो. ऑप्टोकप्लर म्हणतात त्याला. म्हणजे दोन वाद्यांमध्ये विजेचा थेट संबंधच येत नाही, निरोप प्रकाशाने जातो. यूएसबीने सगळं जोडलं की स्पीकरमधून जी किर्रकिर्र किंवा घूंऽऽ ऐकू येते, ती बहुतेक वेळा अर्थिंगच्या फेऱ्यातून येते, आणि गोल केबलवर ती वाट बंद असते. मला दोन्ही पर्याय असतील तिथे मी डोळे मिटून गोल केबल लावतो.

वेगाची काळजी लोक उगाच करतात. मिडी सेकंदाला 31,250 बिट पाठवतं. एक बाइट पाठवायला दहा बिट लागतात, म्हणजे 320 मायक्रोसेकंद. एक स्वर दाबल्याचा निरोप तीन बाइटचा, म्हणजे एक मिलिसेकंदही पुरता नाही. दहाही बोटं एकदम आपटलीत तरी शेवटचा स्वर दहा मिलिसेकंदांच्या आत पोचतो. केबल मात्र 15 मीटरच्या वर नेऊ नका, मानकातली मर्यादा तेवढीच आहे.

आता तुमचा कीबोर्ड. त्याला गोल आऊट नाही, त्यामुळे त्याला यजमान आणून द्यावाच लागेल. त्यासाठी यूएसबी मिडी होस्ट नावाची छोटी डबी मिळते. एका बाजूला यूएसबीचं चपटं सॉकेट (कॉम्प्युटरला असतं तसं), दुसऱ्या बाजूला गोल इन-आऊट. केंटनचा मिडी यूएसबी होस्ट यातला जुनाजाणता, सीएमईचा एचटूमिडी प्रो आणि डोरेमिडीच्या डब्याही याच जातीच्या. शोधताना 'होस्ट' हा शब्द बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. 'यूएसबी मिडी इंटरफेस' एवढंच लिहिलेलं असेल तर ती तुम्ही आणलेल्या केबलचीच बहीण समजा.

डबी घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, तुमचा कीबोर्ड क्लास कम्प्लायंट आहे का. म्हणजे कॉम्प्युटरला लावताना वेगळा ड्रायव्हर टाकावा लागला होता का? न टाकता चालला असेल तर बहुतेक होस्ट त्याला ओळखतील. खास ड्रायव्हर लागत असेल तर ही डबी त्याला ओळखणार नाही, कारण तो ड्रायव्हर तिच्यात टाकणार कुठून. काही वाद्यांच्या, उदाहरणार्थ रोलँडच्या बऱ्याच मॉडेलांच्या, मेनूत यूएसबी ड्रायव्हरसाठी 'जेनेरिक' असा पर्याय असतो. तो निवडून वाद्य बंद करून पुन्हा चालू केलं की काम होतं. दुसरी गोष्ट विजेची. कीबोर्ड यूएसबीवरच चालणारा असेल तर त्याचं पोट होस्टने भरायचं असतं. भरपूर दिवे आणि पॅड असलेले कीबोर्ड जास्त करंट ओढतात, आणि अशक्त अडॅप्टरवर ते मध्येच बंद पडून पुन्हा चालू होतात. दोष सॉफ्टवेअरचा वाटतो, असतो अडॅप्टरचा.

मोठे, अनेक पोर्टांचे इंटरफेस ही वेगळी जमात आहे. त्यातले काही कॉम्प्युटर काढून टाकला तरी आपल्या मेमरीतल्या नकाशाप्रमाणे संदेश इकडून तिकडे पोचवत राहतात. मोटूच्या मिडी एक्सप्रेस एक्सटीवर समोरच्या बटणांनी प्रीसेट, म्हणजे साठवलेले नकाशे, बदलता येतात. आयकनेक्टिव्हिटीच्या मायओएक्सएलला यूएसबी होस्टची सॉकेटही आहेत. नकाशा आखायला कॉम्प्युटर लागला तरी तो एकदाच. तीन वाद्यांसाठी मात्र हा हत्ती पोसायची गरज नाही.

(टॅबलेट लावला तर? चालतं, तो होस्ट होऊ शकतो. पण मग तुम्ही कॉम्प्युटर टाळला कुठे, फक्त पातळ केला.)

एका आऊटमधून दोन वाद्यांना कसं द्यायचं हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. सिंथला 'थ्रू' लिहिलेलं सॉकेट असेल तर इनमध्ये आलेलं सगळं तिथून जसंच्या तसं बाहेर पडतं, तिथून ड्रम मशीनकडे न्या. अशी साखळी तीन-चार वाद्यांपर्यंत ठीक. प्रत्येक ऑप्टोकप्लरमधून जाताना संदेशाच्या कडा थोड्या बोथट होतात आणि लांब साखळीत शेवटचं वाद्य चुकीचं ऐकू लागतं. वाद्यं वाढली की थ्रू बॉक्स घ्यायचा, म्हणजे एका इनमध्ये आलेलं अनेक आऊटमधून एकदम देणारी डबी. उलट बाजूने, म्हणजे दोन वाद्यांचं एका इनमध्ये आणायचं असेल तर वाय केबल (दोन टोकं एकात जोडणारी) वापरू नका. दोन माणसं एकाच वेळी एकाच फोनवर बोलल्यासारखं होतं, बाइट एकमेकांत मिसळून कचरा होतो. त्याला मर्जर लागतो, जो एकाचं वाक्य संपेपर्यंत दुसऱ्याला थोपवून धरतो.

ड्रम मशीनच्या बारीक सॉकेटमध्ये एक खोड आहे. 3.5 मिलिमीटरच्या मिडी जोडणीत टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार आहेत, फरक फक्त दोन तारांच्या अदलाबदलीचा. 2018 मध्ये टाइप ए हे मानक ठरलं, पण त्याआधीची बरीच यंत्रं टाइप बी आहेत. बाहेरून दोन्ही हुबेहूब. मॅन्युअलमध्ये बघून त्याच प्रकारचा अडॅप्टर घ्या. चुकीचा लावलात तर यंत्र जळत नाही, नुसतं बहिरं राहतं.

जोडून झाल्यावर चॅनल. एका केबलवर 16 चॅनल असतात. सिंथ 1 वर, ड्रम मशीन 10 वर ठेवा (ड्रमसाठी 10 ही जनरल मिडी या मानकापासूनची रीत आहे). हे न करता दोन्ही 'ओम्नी'वर राहिली, म्हणजे सगळे चॅनल ऐकणारी, तर तुम्ही सुंदर कॉर्ड धराल आणि सोबत काऊबेल वाजेल.

टेम्पोसाठी मिडी क्लॉक असतं, एका क्वार्टर नोटला (सहसा एका ठोक्याला) 24 टिकटिक. 120 च्या टेम्पोला सेकंदाला 48. घेणारं यंत्र आकडा वाचत नाही, टिकटिक मोजतं. एका कार्यक्रमाच्या तालमीत माझं ड्रम मशीन अचानक वेड्यासारखं पळायला लागलं. मर्जरमध्ये कीबोर्डचंही क्लॉक येत होतं आणि सिक्वेन्सरचंही (आधी भरलेले स्वर आपोआप वाजवणारं यंत्र), दोन्ही 120. मशीनने 96 टिकटिक मोजल्या आणि इमानदारीत 240 चा टेम्पो धरला. तेव्हापासून क्लॉक पाठवणारं वाद्य एकच, बाकी सगळ्यांच्या मेनूत 'क्लॉक सेंड' बंद.

एक फसवा दिवा आणखी सांगतो. कोणी काही वाजवत नसतानाही होस्टवरचा मिडी इनचा दिवा सारखा लुकलुकत असेल तर घाबरू नका. काही वाद्यं 'मी अजून जोडलेलं आहे' हे दर 300 मिलिसेकंदांच्या आत कळवत राहतात, त्याला ॲक्टिव्ह सेन्सिंग म्हणतात. केबल निघाली की ते थांबतं आणि घेणारं वाद्य अडकलेले स्वर स्वतःच बंद करतं. त्यामुळे दिवा लुकलुकतोय म्हणजे स्वर पोचतोय असंही समजू नका.

आवाज मिडीतून जात नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. सिंथ आणि ड्रम मशीनच्या ऑडिओ केबली मिक्सरला वेगळ्या लावाव्या लागतील.

तेव्हा तुमच्यासाठी: कीबोर्ड यूएसबीने होस्ट डबीत, डबीच्या आऊटमधून गोल केबल सिंथच्या इनमध्ये, सिंथच्या थ्रूमधून योग्य प्रकारचा अडॅप्टर लावून ड्रम मशीनमध्ये. क्लॉक कीबोर्ड पाठवत असेल तर तोच मास्टर. तो पाठवत नसेल तर सुरुवातीला ड्रम मशीन आपल्या टेम्पोवर चालू द्या, सिंथला त्याच्या तालावर बांधायचं तेव्हा (ड्रम मशीनला मिडी आऊट असेल तर) मर्जर बघू. आधी फक्त कीबोर्ड आणि सिंथ जोडून आवाज येतो का बघा, मगच तिसरं. तिन्ही एकदम जोडून बसलात तर गाठ नेमकी कुठे आहे ते सापडत नाही.

आणलेली केबल परत घेत असतील तर द्या, नाहीतर राहू दे. सिंथचे साउंड कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायला कधीतरी लागेलच. तेव्हा लक्षात ठेवा, बहुतेक केबलींवर 'इन' लिहिलेलं टोक वाद्याच्या आऊटमध्ये जातं. काहींवर मात्र नेमकं उलट छापलेलं असतं, त्यामुळे चाललं नाही तर सरळ अदलाबदल करून बघा.