साताऱ्यात शेतकऱ्याकडून थेट भाजीची आठवडी टोपली सुरू करायची आहे, सुरुवात कशी करावी?

आधी २५ कुटुंबं जमवा, पण शेतकरी किमान दोन घ्या. एकाची मोटर जळली तरी टोपली थांबत नाही. कुटुंबामागे आठवड्याला ५ किलो धरलं तर दर खेपेला सव्वाशे किलो माल लागतो. त्यासाठी पाणी असलेलं २० ते २५ गुंठे रान पुरतं.

बहुतेक गट पेरणीत फसतात. सगळी मेथी एकाच दिवशी टाकली की महिन्याने ती एकदम काढणीला येते आणि पुढचे दोन आठवडे टोपली रिकामी. म्हणून मेथी, कोथिंबीर, पालक दर १० दिवसांनी दोन-दोन वाफे टाका. भेंडी एक दिवसाआड, गवार तीन-चार दिवसांनी तोडावी लागते, नाहीतर जून होते. मधल्या तोड्याचा माल कुठे विकायचा ते आधीच ठरवा.

पालेभाजी वाटपाच्या आदल्या संध्याकाळी काढा आणि ओल्या गोणपाटात सैल ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेली जुडी सकाळी आतून गरम लागते, पानं पिवळी पडलेली असतात.

जुलै-ऑगस्टच्या झडीत पालेभाजी सडते. तेव्हा कोरेगावचा वाघ्या घेवडा (राजम्यासारखं वाळलेलं कडधान्य), गूळ, हळद द्या; कुटुंबांना हे पहिल्याच बैठकीत सांगा.

पैसे तीन महिन्यांचे आगाऊ घ्या, कारण बियाणं-खताचा खर्च आधी होतो. दर खर्चावरून ठरवा, मंडईच्या रोजच्या भावाशी बांधू नका. गारपीट झाली तर तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा, हे कागदावर लिहून सह्या घ्या.